जाळीचे एकच टोक

माझी धाकटी जाऊ कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेली, की चहा यायच्या आत तिला त्या घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंची खबर लागलेली असते. फ्रिज भिंतीला टेकला आहे, ट्यूबचा चोक थकत आला आहे, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी पंखा कमी वेगावर चालू आहे, हे तिला बसल्या जागी ऐकू येते. ऐकू येते ते ठीक, पण ती ते सांगतेही. घरची बाई विचारते, साखर किती, आणि ही म्हणते, "एक चमचा. आणि त्या दिव्याचं बटण बदलून घ्या, किरकिरतंय." त्यामुळे नात्यातले लोक तिला बोलवायला जरा बिचकतात. घरात काही बिघडले आणि वायरमन फोन उचलत नसला, की मात्र तिची फार आठवण काढतात.

ती आणि तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, वाद्यांच्या केबली तयार करतात. गिटार, की-बोर्ड, विजेवर चालणारे व्हायोलिन अशा वाद्यांतून निघून ॲम्प्लिफायरमध्ये जाणाऱ्या त्या काळ्या वायरी. मी वरच्या मजल्यावर राहते, ती दोघे खाली. त्यांची रस्त्याकडची खोली हेच दुकान. खिडकीला लावून लांबलचक टेबल, त्यावर सोल्डरिंगच्या, म्हणजे तारा डाखायच्या, दोन इस्त्र्या, दोन दिवे, दोन चष्मे, आणि मध्ये एकच मीटर. मीटर एकच का, असे मी एकदा भाऊजींना विचारले होते. ते म्हणाले, "वहिनी, दोन आणले असते तर दोघांनी दोन आकडे सांगितले असते."

कुणी काही वाजवत नसतानाही स्पीकरमधून जी जाड घुंई येत राहते तिला ही मंडळी हम म्हणतात. ती घालवणे हे यांचे खरे काम. केबल कुणीही जोडील, ती गप्प राहील अशी जोडणे अवघड. जाऊ म्हणते की हमच्याही जाती असतात. दिव्याच्या बटणाची हम किरकिरी असते. ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी केबलचे वेटोळे करून ठेवले तर येणारी हम आळशी असते, केबल हलवली की जागा सोडते. विजेच्या वायरीला अगदी खेटून आवाजाची वायर नेली तर ती चिकट असते. तिच्यावर उपाय एकच, दोघींना लांब ठेवा, आणि भेटायचेच झाले तर आडव्या-उभ्या भेटू द्या, बरोबरीने चालू देऊ नका. हे सांगताना तिचा चेहरा असा होतो, की कुणाला वाटावे ही नात्यातल्या बायकांबद्दलच बोलते आहे.

ती लहानपणी छापखान्याच्या वर राहत होती. दिवसभर खाली यंत्रे धडधडत आणि घरातले सगळे एकमेकांशी ओरडून बोलत. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा पहिला आठवडाभर ती इतक्या मोठ्याने बोले, की सासूबाईंना वाटले, सून रागावली आहे. आमच्या घरातली शांतता तिला नवी होती. नव्या घरात आलेला माणूस जसे कानेकोपरे बघतो, तशी ती शांतता बघत हिंडे. भाऊजी तेव्हा रेडिओ दुरुस्त करत. एका दुपारी ती त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा गातोय तो गातोय, पण याच्या खाली अजून कोण बोलतंय?" भाऊजींनी मान वर करून तिच्याकडे बघितले. ते आजही म्हणतात, की मुलगी बघायच्या दिवशी मी हिला नीटसे बघितलेच नव्हते, बघितले ते त्या दुपारी. त्यानंतर दुसरी इस्त्री आली.

दुकानाचा एक नियम आहे. इस्त्री हातात असताना कुणी बोलायचे नाही. गिऱ्हाईक आत आले की जाऊ मागे न बघता एक बोट ओठांवर ठेवते आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवते. गावभरच्या वाजवणाऱ्या पोरांनी यावरून तिचे नाव चूपकाकू ठेवले आहे. इस्त्री खाली ठेवल्यावर हीच बाई अर्धा तास थांबत नाही, हे त्यांना उशिरा कळते.

तिचा राग मी एकदाच पाहिला. एक गिटारवाला आला होता. चांगला उंच, केस बांधलेला, हसतमुख. म्हणाला, "काकू, हमवर मी घरीच इलाज केला. ॲम्प्लिफायरच्या प्लगची ती जाड तिसरी पिन कापून टाकली. एकदम शांत." काकूंनी इस्त्री ठेवली, चष्मा काढला. मग त्याला जे ऐकावे लागले ते सगळे मी लिहीत नाही. सार एवढेच, की ती तिसरी पिन जमिनीत जाते आणि ती माणसाच्या जिवासाठी असते, गाण्यासाठी नाही. यंत्रात बिघाड झाला तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते. पिनच नसेल तर ती गिटारच्या तारेतून, बोटातून, छातीतून जाते. "मग अगदीच शांत होशील," ती म्हणाली. नवा प्लग बसवून होईपर्यंत तिने त्याला खुर्चीवरून उठू दिले नाही. तो अजून येतो, आणि येताना प्लग हातात धरून दाखवत येतो.

आता त्या दोघांच्या भांडणाबद्दल. त्यासाठी केबलच्या पोटात काय असते ते सांगायला हवे. मधोमध दोन बारीक तारा असतात, त्यांतून वाद्याचा आवाज जातो. त्यांच्याभोवती तांब्याची विणलेली जाळी असते आणि तिच्यावर काळे रबर. हवेत विजेचा जो भटका गोंगाट असतो तो ही जाळी अंगावर घेते आणि जमिनीकडे वाहून नेते, पत्र्यावरचे पाणी पन्हाळीने जावे तसे. म्हणून जाळी कुठेतरी जोडलेली हवी. पण दोन्ही टोकांना जोडली, आणि दोन टोकांकडची यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणी विजेला लावलेली असली, तर जाळीतच वीज गोल गोल फिरू लागते आणि जाड हम येते. तेव्हा जाळी एकाच टोकाला जोडायची आणि दुसऱ्या टोकाला कापून, टोपी घालून सोडून द्यायची. इथपर्यंत दोघांचे एकमत.

कोणत्या टोकाला, यावर मात्र संसार पणाला लागला होता. भाऊजी म्हणत, वाद्याच्या टोकाला. जाऊ म्हणे, ॲम्प्लिफायरच्या टोकाला. दोन्ही चालते. खरोखर चालते, कारण भाऊजींच्या केबली निळी नळी लावून जात आणि तिच्या पिवळी, आणि दोन्ही रंगांची गिऱ्हाइके सुखात होती. पण चालते यावर कोण समाधान मानतो? जेवताना कागदावर आकृत्या निघत. भाजी वाढता वाढता ती पळीने हवेत रेघा ओढी. एकदा भाऊजी "तुझ्या डोक्याला अर्थिंग नाही" असे म्हणून बसले, आणि तिने त्यांच्याशी बोलणे टाकले. नवरा-बायको एकाच टेबलाशी बसून माझ्याकरवी कात्री मागू लागली, तेव्हा त्यांच्या मुलाने, तो तेव्हा कॉलेजात होता, दोघांना समोर बसवून सांगितले, की टोकाचा विषय या घरात आजपासून बंद. निळ्यांनी निळे करावे, पिवळ्यांनी पिवळे. दोघांनी कबूल केले आणि मनापासून पाळले. वर्षानुवर्षे त्या घरात सगळ्यावर चर्चा झाली, शेजारच्यांच्या कुत्र्यापासून माझ्या दाढांपर्यंत, पण टोकाचे नाव निघाले नाही.

तो मुलगा आता दुसऱ्या शहरात असतो. गुणी आहे. आईवडिलांसाठी त्याने घरात एक खोली सजवली आणि तो दर रविवारी फोनवर विचारू लागला, कधी येता. तयार केबली आता सगळीकडे मिळतात, वाजवणारी पोरे बिनतारी यंत्रे घेतात, दुकानात पूर्वीसारखी वर्दळ उरली नव्हती. भाऊजींचे गुडघेही कुरकुरत होते. जाऊ एकदा त्या खोलीत महिनाभर राहून आली होती. परत आल्यावर मी विचारले, कशी आहे खोली? म्हणाली, "मऊ आहे. खाली गालिचा, वर धुराची घंटा. मी नुसती इस्त्री तापवली तर सगळी इमारत जिन्यात उतरली."

जायचे नव्हते तिला. पण मुलाला नाही म्हणायला कारणही नव्हते. तेवढ्यात हॉलचे काम आले.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक जुना गाण्या-नाटकांचा हॉल आहे. त्याची डागडुजी चालली होती. जाऊच्या पिवळ्या केबली नेणाऱ्या एका व्हायोलिनवालीने हॉलच्या व्यवस्थापकांना सांगितले, की स्टेजपासून वरच्या आवाजाच्या खोलीपर्यंतची वायरिंग या दोघांना द्या. व्यवस्थापक सावध माणूस. त्यांनी अट घातली. भिंतीतल्या वायरी भरून झाल्या की एक दिवस चाचणी. हॉल गप्प राहिला तर पुढची सगळी देखभाल या दोघांकडे. घुंई आली तर दुसऱ्या दिवशी बाहेरची कंपनी येईल आणि सगळे उपसून काढील. भाऊजींनी ते मुलाला फोनवर सांगितले आणि वर शब्द देऊन बसले, "हॉल मिळाला तर इथेच राहू. नाही मिळाला तर टेबल विकून येतो." जाऊ बाजूला उभी होती. ती टेबल पुसायला लागली. तेच टेबल, जे कालच पुसले होते.

काम सुरू झाले. केबली भिंतीतल्या नळ्यांतून ओढून झाल्या की त्यांची टोके जागेवरच जोडावी लागतात. वरच्या खोलीचा जिना उभा, म्हणून वरची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, बाजू तिच्याकडे आली. खालची, वाद्याची, भाऊजींकडे. तिथे स्टेजच्या फळ्यांखाली आडवे होऊन शिरावे लागे, पण जिन्यापेक्षा ते बरे, असे ते म्हणाले. एका केबलला दोघांचे हात लागण्याची त्यांच्या संसारातली ही पहिलीच वेळ. वर ती, खाली ते, मध्ये रिकामा हॉल, आणि हातात इस्त्री असल्यामुळे दोघेही गप्प.

चाचणीच्या सकाळी मलाही नेले. मधल्या रांगेत बसून ऐकायला तिऱ्हाईत कान हवा, असे जाऊ म्हणाली. व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसले होते. व्हायोलिनवाली स्टेजवर येऊन उभी राहिली, तिने वायर लावली. वरून जाऊने बटण सरकवले. आणि स्पीकरमधून भली मोठी चरचर बाहेर पडली, गरम तव्यावर कुणी पाणी शिंपडत बसल्यासारखी. व्हायोलिनवालीने स्टेजवरच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला तर चरचर बदलली, हात काढला तर पुन्हा वाढली.

व्यवस्थापक मागे वळून माझ्याकडे बघू लागले, जणू मी आणली होती. मी उगीच पर्स उघडून बंद केली.

जाऊ जिना उतरून आली, धावत नाही, पण भराभर. भाऊजी मीटर घेऊन फळ्यांखालून डोके काढत होते. तिने कान तिरपा केला आणि म्हणाली, "ही जाळीची आहे. जाळी कुठेच जोडलेली नाही." भाऊजी म्हणाले, "असं कसं? वर तू जोडलीस ना?"

"मी कशाला जोडीन? तुम्ही खाली जोडणार, म्हणून मी वर कापली. तुमची पद्धत ठेवली."

भाऊजी फळीला टेकून बसले. मग हळूच म्हणाले, "मी तुझी ठेवली."

काय झाले होते ते मला कळायला थोडा वेळ लागला. एवढे मोठे काम, हॉल गेला तर घर जाणार, तेव्हा या एका वेळी माघार घ्यावी, असे दोघांनीही आपापल्या मनात ठरवले होते. भाऊजींनी तिच्या पद्धतीप्रमाणे खालची जाळी कापली, तिने त्यांच्या पद्धतीप्रमाणे वरची. बोलायची चोरी, कारण विषय बंद. आणि अशी प्रत्येक केबलची जाळी दोन्हीकडून मोकळी, अधांतरी राहिली होती, हवेतला सगळा गोंगाट अंगावर घेऊन.

व्हायोलिनवालीला हसू आले, तिने ते व्हायोलिनमागे लपवले. व्यवस्थापकांना मात्र हसण्यासारखे काही दिसत नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला होता. ते सौम्यपणे म्हणाले, की जेवणापर्यंत थांबतो, त्यानंतर मला कंपनीला कळवावे लागेल.

दोघेही आपापल्या जागी निघून गेले. कुणी कुणाशी बोलले नाही. मला वाटते लाजेने. वर खिडकीत तिच्या दिव्याचा उजेड दिसे, खाली फळ्यांखालून धुराची रेघ वर येई. कापलेल्या जाळीचा इवलासा झुबका बाहेर काढून पुन्हा जोडायचा, एकेका केबलचा, हे बारीक काम. व्यवस्थापक हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि मी त्यांच्याशी नव्या पडद्यांबद्दल बोलत होते, जे मला मुळीच आवडले नव्हते.

पुन्हा बटण सरकले. चरचर गेली होती. तिच्या जागी खोल, जाड, गुळगुळीत घुंई होती. माझ्या खुर्चीच्या पाठीतून मला ती जाणवली.

वरच्या खिडकीतून जाऊचे डोके बाहेर आले. खालून भाऊजींचे. दोघे हॉलच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे बघत राहिले.

"अहो," ती वरून म्हणाली, "तुम्ही जोडलीत?"

"हो."

"मीही."

व्यवस्थापक एकदा वर, एकदा खाली बघत होते. विषय निघाला होता, आणि तो घरात नाही, भर हॉलमध्ये, ओरडून बोलावा लागत होता. ती छापखान्यावर वाढलेली असल्याने तिला ते जड गेले नाही.

"आता एकानं काढा," ती म्हणाली. "तुमच्याकडे राहू द्या. मी काढते."

"नको. तुझ्याकडे राहू दे. मी काढतो."

"तुमची पद्धत वाईट नाहीये."

"हे तू इतकी वर्षं बोलली नाहीस."

"विषय बंद होता ना."

"मग तुझीही वाईट नाहीये," भाऊजी म्हणाले आणि फळ्यांखाली परत शिरायला गुडघा टेकू लागले. गुडघा टेकताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले. तिने वरूनही पाहिले असावे.

"थांबा," ती म्हणाली. "खाली वाकू नका. तुम्हाला आडवं व्हायला लागतं, मी खुर्चीवर बसलेय. वरचं टोक मीच सोडवते. खालचं राहू द्या जोडलेलं, हात लावू नका त्याला."

भाऊजींनी फळीला धरून टेकलेला गुडघा उचलला. मग म्हणाले, "बरं."

"आणि याचा अर्थ तुमचं बरोबर होतं असा नाही."

"नाही, नाही."

"गुडघ्यांमुळे."

"कळलं ना मला."

खिडकीतून डोके आत गेले. भाऊजी स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हते. काम चालू असताना ते असे नुसते बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मी पुढे जाऊन त्यांच्याशेजारी बसले. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हिला त्या मऊ खोलीत नेऊन ठेवायचं म्हणजे..." पुढे त्यांनी वाक्य पुरे केले नाही, आणि मीही करायला लावले नाही. वर इस्त्री टेकवताना येणारा तो बारीकसा चुर्र आवाज रिकाम्या हॉलमध्ये आम्हाला ऐकू येत होता. प्रत्येक चुर्रला भाऊजी मनातल्या मनात मोजत असावेत, कारण शेवटचा झाला तसे ते उठून उभे राहिले.

व्यवस्थापक घड्याळ बघत पहिल्या रांगेत येऊन बसले. व्हायोलिनवाली आपल्या जागी गेली, खांद्यावर व्हायोलिन घेतले आणि थांबली. काहीच होईना. व्यवस्थापकांनी थोडा वेळ वाट बघितली, मग वर मान करून म्हणाले, "बाई, चालू करा की आता."

वरून जाऊने ओठांवर बोट ठेवले.

"अहो, पण चालू तर करा."

व्हायोलिनवालीने गज न उचलता एका तारेला नुसते बोट लावले. सूर अख्ख्या हॉलभर उमटला, छतापर्यंत गेला, आणि संपला तेव्हा मागे काही उरले नाही. ती म्हणाली, "मघापासून चालूच आहे."

व्यवस्थापक उठून स्पीकरपाशी गेले आणि त्यांनी त्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग फोन खिशात ठेवला आणि विचारले, हॉलची एक किल्ली तुमच्याकडे ठेवली तर चालेल का, कारण रात्रीअपरात्री काही झाले तर मला उठवू नका.

घरी येताना भाऊजी दोन पावले पुढे चालत होते, गुडघ्यांची आठवण नसल्यासारखे. जाऊ माझ्या हाताला धरून बोलत होती. व्यवस्थापकांच्या खोलीतला पंखा घासतो, पडद्यांची दोरी कुरकुरते, आणि ती व्हायोलिनवाली चांगली वाजवते पण तिच्या बुटांचा आवाज येतो, हे सगळे तिला सांगायचे होते. रविवारची वाट न बघता तिने त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावला. तो कधी येता म्हणून विचारणार, हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने त्याला बोलूच दिले नाही.

"सुट्टीत येऊ," ती म्हणाली, "पाहुणे म्हणून. गालिचा राहू दे, घंटा तेवढी काढून ठेव." मग पलीकडून तो काय म्हणाला कोण जाणे, ती एकदम हसली. "कसं जमलं म्हणजे? तुझ्या बाबांशी बोलले."